शांततेचा ठराव

निरीक्षकसाहेब वजनमापे खात्यात होते आणि जगातला ढोबळपणा त्यांना सहन होत नसे. 'घ्या, किलोभर असेल' म्हणणाऱ्या दुकानदाराकडे ते असे बघत, की त्याला आपण कोणाचा तरी खिसा कापलाय असं वाटावं. घरातही तीच शिस्त. चमचा सपाट, घड्याळ सेकंदाला बरोबर, आणि काम झालं की कुठल्याही यंत्राचा प्लग ताबडतोब भिंतीबाहेर. इमारतीत सगळे त्यांना निरीक्षक म्हणत आणि त्यांच्या पत्नीला वहिनी. वहिनी सगळंच अंदाजाने करायच्या आणि त्यांचं काही चुकायचं नाही. हा मुद्दा निरीक्षकांनी लग्न झाल्यापासून अनुत्तरित ठेवला होता.

डॉक्टरांनी वहिनींच्या गळ्यातली गाठ चाचपली आणि ती काढून टाकलेली बरी असं सांगितलं. गाठ साधी होती, घाबरण्यासारखं काही नव्हतं. फक्त आवाजाची नस तिला खेटून होती, तेव्हा आवाज थोडाफार बदलू शकतो, असं ते म्हणाले.

"थोडाफार म्हणजे किती?" निरीक्षकांनी विचारलं.

"ते आधी नाही सांगता येत."

एवढा ढोबळ माणूस निरीक्षकांना अख्ख्या नोकरीत भेटला नव्हता, आणि नेमकी त्याच्याच हातात सुरी द्यायची होती.

आता, वहिनी काही गायिका नव्हत्या. चार लोकांत त्या कधी गायल्या नाहीत, कोणी आग्रह केला तर खोलीच सोडून जायच्या. पण दोरीवरचे वाळलेले कपडे पलंगावर आणून टाकले, की घड्या घालता घालता त्या एक गाणं म्हणायच्या. त्यांच्या आईचं गाणं होतं ते. पहिल्या सदऱ्याला सुरू व्हायचं आणि शेवटच्या टॉवेलला संपायचं. निरीक्षक तेव्हा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असायचे. हे गाणं आपल्याला आवडतं असं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण तसं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. दवाखान्यातून परत येताना मात्र रिक्षात त्यांना ते आठवलं. त्या गाण्याशिवाय वर्तमानपत्र कसं वाचायचं हे त्यांना कळेना. बायकोला असं काही सांगायची त्यांना सवय नव्हती. मग अशा वेळी बहुतेक नवरे जे करतात तेच त्यांनी केलं. ते एका यंत्राच्या मागे लागले.

यंत्र मेहुण्याकडे होतं. मेहुण्याने काही वर्षांपूर्वी मोठ्या थाटात मिनीडिस्क रेकॉर्डर घेतला होता. पुढची पन्नास वर्षं आता हेच चालणार, कॅसेट विसरा, असं तो तेव्हा घरोघर सांगत फिरला होता. पुढे मिनीडिस्कच विसरल्या गेल्या आणि रेकॉर्डर त्याच्या कपाटावर चादरीखाली गेला. निरीक्षकांनी तो मागितला तेव्हा मेहुण्याने माइक, हेडफोन आणि कोऱ्या तबकड्यांचं पाकीटही दिलं, आणि परत करायची घाई नाही असं दोनदा सांगितलं.

तबकडी मोठी देखणी होती. बिस्किटाएवढी, प्लास्टिकच्या चौकोनी कवचात बंद. निरीक्षकांना सगळ्यात आवडली ती रेकॉर्डरची छोटी पाटी. आवाज किती मोठा आहे हे तिथे आकड्यात दिसायचं. शेवटी कोणीतरी आवाज मोजून दाखवत होतं. माहितीपुस्तक सहा भाषांत होतं, त्यांतली एकही घरात कोणाला येत नव्हती, पण चित्रं स्वच्छ होती.

पहिला प्रयत्न एका शनिवारी दुपारी झाला. वहिनींना खुर्चीवर बसवलं, माइक समोर ठेवला.

"म्हण," निरीक्षक म्हणाले.

"असं कसं म्हणू? हातात काहीच नाहीये."

निरीक्षकांनी आतून एक टॉवेल आणून दिला. वहिनींनी घडी घालायला घेतली, दोन ओळी म्हटल्या, आणि टॉवेल संपला तसं गाणंही थांबलं. "अजून द्या," त्या म्हणाल्या. घरातले सगळे कपडे आदल्या दिवशीच घड्या होऊन कपाटात गेले होते. तेव्हा निरीक्षकांनी कपाट उघडलं आणि एकेक घडी मोडून वहिनींच्या पुढ्यात टाकायला सुरुवात केली. डाव्या हाताने घड्या मोडायच्या, उजव्या हाताने आवाजाचा आकडा जुळवायचा. सरकारी नोकरीत त्यांनी पुष्कळ निरर्थक कामं केली होती, पण झालेलं काम पुन्हा करता यावं म्हणून बिघडवायची वेळ फार क्वचित आली होती.

गाणं झालं. ऐकायला लावलं तर मशीनने त्याची दीड डझन गाणी केली होती. वहिनी दोन कपड्यांच्या मध्ये थांबल्या, की मशीनला वाटे एक गाणं संपलं, आणि ते पुढचा नंबर टाकून मोकळं होई. शिवाय प्रत्येक तुकड्यात वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंचं मशीन घरघरत होतं. तुकडे जोडायचं बटण आहे असं चित्रावरून दिसत होतं. निरीक्षकांनी ते दाबलं. ते पुसायचं होतं.

"राहू दे ना," वहिनी म्हणाल्या. "काय अडलंय?"

"अडलंय," निरीक्षक म्हणाले, आणि काय अडलंय ते सांगता येईना म्हणून माइकची वायर गुंडाळत बसले.

बातमी जिन्यातून पसरली. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर सल्ला घेऊन आले. त्यांच्याकडे सल्ल्याला कधी तोटा नसे, घेणाऱ्यांचा तुटवडा असे. "आवाज भिंतींवर आपटून परत येतो," ते म्हणाले. "भिंतींना गाद्या लावा." त्यांचा एक भाचा म्हणे ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत होता. खोदून विचारल्यावर तो तिथे फरशी बसवायला गेला होता असं निघालं, पण तोवर गाद्या भिंतीला लागल्या होत्या. खिडकीवर रजया, दारावर सतरंजी, पंखा बंद. वहिनी आत बसून घामाने निथळल्या. रेकॉर्डिंग ऐकलं तर कोणीतरी त्यांना कपाटात कोंडून गायला लावलंय असं वाटत होतं.

तिसऱ्या वेळी मात्र सगळं जमलं. शिवणवाल्या काकू कापड घ्यायला बाहेर गेल्या होत्या, वहिनींना सूर लागला होता, आणि आकडे जिथे हवेत तिथेच नाचत होते. गाणं संपलं. निरीक्षकांनी समाधानाने थांबायचं बटण दाबलं आणि जन्माच्या सवयीने प्लग उपसला.

या मशीनची गंमत अशी, की ते गाणं आधी तबकडीवर उतरवतं, आणि थांबवल्यावर मग कुठे काय आहे त्याची अनुक्रमणिका लिहितं. ती लिहून होईपर्यंत वीज लागते. मध्येच वीज गेली तर गाणं तबकडीवर असतं, पण मशीनच्या लेखी तबकडी कोरी. हे निरीक्षकांना मेहुण्याने फोनवर समजावून सांगितलं, तेही हसत हसत. नोंद न ठेवणाऱ्या कितीतरी दुकानदारांना निरीक्षकांनी आजवर धारेवर धरलं होतं.

वहिनींना दाखल व्हायचं होतं सोमवारी. रविवार तेवढा हातात होता, आणि रविवारी दुपारी इमारतीचा पाण्याचा पंप चालायचा. पंप बरोबर त्यांच्या खोलीखाली होता. तो सुरू झाला की कपाटातल्या काचेच्या बरण्या एकमेकींशी बोलायला लागायच्या.

निरीक्षक सेक्रेटरीकडे गेले. सेक्रेटरी पूर्वी एका कारखान्यात सुपरवायझर होते. कारखाना बंद पडला आणि त्यांनी इमारत ताब्यात घेतली. ते म्हणाले, "पंप माझ्या एकट्याच्या मर्जीवर बंद होत नाही. कमिटीपुढे ठेवावं लागेल." कमिटी म्हणजे तेच, पोस्टमास्तर आणि शिवणवाल्या काकू. तरी बैठक रीतसर झाली, सेक्रेटरींच्या जेवणाच्या टेबलाभोवती.

"नुसता पंप बंद करून काय होणार?" पोस्टमास्तर म्हणाले. "मिक्सर आहेत, टीव्ही आहेत. शांतता द्यायची तर पूर्ण द्या."

"माझ्या ऑर्डरी आहेत," काकू म्हणाल्या. "पण अर्धा तास मी काजं हाताने करीन. वहिनींसाठी करीन, यांच्यासाठी नाही."

"उद्या कोणी आवाज करायला परवानगी मागेल," सेक्रेटरी म्हणाले.

"आवाज सगळे विनापरवानगीच करतात की," काकू म्हणाल्या.

सेक्रेटरींनी हेही इतिवृत्तात लिहून घेतलं, आणि ठराव मंजूर झाला. रविवारी चार ते साडेचार इमारतीत संपूर्ण शांतता. फळ्यावर सूचना लागली. 'संपूर्ण' या शब्दाखाली सेक्रेटरींनी दोन रेघा ओढल्या. निरीक्षकांना ते वाचून बरं वाटलं. या इमारतीत नेमकेपणाने केलेली ही पहिलीच गोष्ट होती.

रविवारी साडेतीनपासूनच लोक हळू चालायला लागले. पावणेचारला लोकांनी चपला हातात घेतल्या. कोणाचा तरी दूरचा नातेवाईक भेटायला आला, त्याला फाटकाबाहेरच थांबवून ठेवलं. सेक्रेटरी स्वतः मोजे घालून जिन्यात उभे राहिले आणि ओठांवर बोट ठेवून खालपासून वरपर्यंत एक फेरी मारून आले. चार वाजता पंप थांबला. मग मिक्सर, टीव्ही, शिवणयंत्र, नळ, एकेक करून सगळं थांबलं, आणि इमारतीत अशी शांतता झाली की तशी ती बांधल्यापासून कधी झाली नसेल.

खोलीत गाद्या नव्हत्या, त्या पुन्हा जमिनीवर आल्या होत्या. वहिनी त्यांतल्याच एका गादीवर बसल्या होत्या, पुढ्यात मोडलेल्या घड्यांचा ढीग. पलीकडे टेबलावर रेकॉर्डर. निरीक्षकांनी हेडफोन लावले, बटण दाबलं, पाटीवर लाल ठिपका आला. त्यांना फ्रिज ऐकू आला. त्यांनी जाऊन फ्रिज बंद केला. मग घड्याळ ऐकू आलं. ते त्यांनी रजईत गुंडाळून आतल्या खोलीत नेलं. मग स्वतःचा श्वास ऐकू आला, त्याला इलाज नव्हता. त्यांनी बोटाने खूण केली.

वहिनींनी एक सदरा उचलला. बाह्या जुळवल्या. पुन्हा सोडल्या. सदरा मांडीवर तसाच राहिला.

"काय झालं?" निरीक्षकांनी ओठ हलवून विचारलं.

"एवढी सगळी माणसं गप्प बसलीत," वहिनी हळूच म्हणाल्या. "शोकसभेत बसतात तशी. माझ्या आवाजाची शोकसभा भरलीय असं वाटतंय मला."

निरीक्षकांनी हाताने 'छे छे' असं केलं. हेडफोनमुळे तिचा आवाज बाहेरून येतच नव्हता, थेट त्यांच्या डोक्यात बोलत होता.

"आवाजाचं जाऊ दे हो," वहिनी म्हणाल्या. "बदलला तर बदलला. मला झोपवणार ना ते, इंजेक्शन देऊन. आणि मी जागीच झाले नाही तर? गेले कित्येक दिवस मला तीच भीती वाटतेय. तुम्ही सगळे गाद्या लावताय, पंप बंद करताय. कोणी विचारतच नाहीये."

पाटीवरचे आकडे हलले. तिचं प्रत्येक अक्षर मशीन नीट उतरवून घेत होतं, स्वच्छ, घरघरीशिवाय. इतके दिवस निरीक्षक याच स्वच्छ आवाजासाठी धडपडले होते, आणि त्यात पहिलं वाक्य हे आलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. थोडीफार नाही, पुरती वाटली. त्यांनी मशीन थांबवलं, ते वाक्य पुसून टाकलं, या वेळी बटण बरोबर सापडलं. मग हेडफोन काढून ठेवले, आणि जाऊन गादीवर तिच्या शेजारी बसले. गुडघे वाजले. तेवढाच त्या अर्ध्या तासातला नियमभंग.

त्यांनी तिचा हात हातात घेतला. "मला पण वाटतेय," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

"मग सांगायचं नाही?"

"म्हणून तर हे आणलं." त्यांनी रेकॉर्डरकडे मान हलवली.

वहिनींनी रेकॉर्डरकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि डोळे पुसले. खालीवर इमारत तशीच श्वास धरून होती. आणि मग, सदरा मांडीवर पडलेला असताना, एक हात नवऱ्याच्या हातात अडकलेला असताना, वहिनी गायला लागल्या.

आजपर्यंत निरीक्षकांनी ते गाणं भिंतीपलीकडून नाहीतर हेडफोनमधून ऐकलं होतं. आता मध्ये कपडे झटकल्याचे आवाज नव्हते, थांबणं नव्हतं. सलग असं ते पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मधल्या दोन ओळी तर त्यांना आजच कळल्या. पहिलं कडवं सरता सरता त्यांना आठवण झाली की मशीन बंद आहे. टेबल चार पावलांवर होतं. उठायचं, बटण दाबायचं, परत येऊन बसायचं. निदान शेवटची दोन कडवी तरी मिळाली असती. पण उठायचं म्हणजे हात सोडायला हवा होता. तिने बोटं घट्ट धरली होती. निरीक्षकांनी टेबलाकडे एकदा पाहिलं, आणि मग पाहिलं नाही.

साडेचार वाजले तरी पंप सुरू झाला नाही. सेक्रेटरी जिन्यात उभे राहून ऐकत होते आणि पंपाचं विसरले. गाणं संपल्यावर वरून काकूंचं नाक ओढल्याचं ऐकू आलं, मग टाळ्या झाल्या, आणि सगळी मंडळी दारात येऊन उभी राहिली.

"ऐकवा," सेक्रेटरी म्हणाले. "आता निवांत ऐकू द्या."

वहिनी तोंड धुवायला आत गेल्या होत्या. निरीक्षकांनी दारातल्या सगळ्यांकडे पाहिलं. खरं काय ते सांगायचं, तर ती घाबरली होती, हे सांगावं लागलं असतं. ते तिचं होतं. आणि आपण हात धरून बसलो होतो, हे सांगायची तर त्यांच्यात हिंमतच नव्हती.

"बटण दाबायचं राहिलं," ते म्हणाले.

जिन्यात पुन्हा संपूर्ण शांतता झाली.

"म्हणजे?" पोस्टमास्तर म्हणाले. "एवढ्या माणसांनी श्वास रोखून धरला, आणि तुम्ही बटण दाबलं नाहीत?"

"विसरलो."

सेक्रेटरींनी खाली वाकून मोजे काढले. काकू वर गेल्या, आणि थोड्याच वेळात त्यांचं मशीन नेहमीपेक्षा जोरात सुरू झालं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. वहिनी जाग्या झाल्या तेव्हा निरीक्षक समोरच होते, आणि तिथल्या नर्सने त्यांना डोळ्यांत काही गेलंय का असं विचारलं. डॉक्टरांनी काही दिवस बोलायचं नाही असं बजावलं. ते दिवस सरले आणि वहिनी बोलल्या, तेव्हा आवाज जाड झाला होता. मधूनच फाटायचा, मधूनच नुसता वारा यायचा. हळूहळू सुधारेल, डॉक्टर म्हणाले, पण पहिल्यासारखा होईल असं नाही.

इमारतीने निरीक्षकांना सोडलं नाही. जिन्यातला दिवा कोणी लावला नाही, की 'बटण दाबायचं राहिलं असेल' म्हणून हशा. लिफ्टमध्ये पोस्टमास्तर त्यांच्यासाठी बटण दाबत आणि 'मी दाबलं हो' असं मुद्दाम सांगत. ऑफिसातही कोणीतरी पोचवलं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या चुका पकडल्या त्याची चूक सापडल्यावर लोक ती जपून वापरतात. निरीक्षक मान खाली घालून ऐकून घ्यायचे.

त्याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. वाटायचं ते वेगळंच. घरात त्यांच्याशी वहिनी बोलायच्या, हळू, तोंड किंचित फिरवून. पण दारावरची बेल वाजली की त्या उठून आतल्या खोलीत जायच्या आणि बाहेरून कोणी विचारलं तर निरीक्षकांना सांगावं लागे, की विश्रांती घेतेय. कपड्यांच्या घड्या मुकाट्याने व्हायच्या. तिचा जुना आवाज ठेवून घेता आला असता, चार पावलांवर होता, आपण उठलो नाही. ती काही बोलत नाही, पण मनात धरून बसली असेल, असं निरीक्षकांना वाटे. विचारायचं धैर्य होत नसे. रेकॉर्डर त्यांनी मेहुण्याला परत करायला काढला, पण मेहुणा घ्यायलाच येईना.

एका संध्याकाळी सेक्रेटरी, पोस्टमास्तर आणि काकू दारात आले. बेल वाजली तशा वहिनी आत गेल्या. पाण्याच्या टाकीला नवं मीटर बसवायचं होतं, आणि ते बरोबर आहे की नाही हे तपासायला माणूस हवा होता.

"तसं हे काम तुमचंच," सेक्रेटरी म्हणाले. "पण कमिटीत जरा शंका निघाली. ऐन वेळी तुम्हाला आठवण करायला शेजारी कोणाला उभं करायचं?"

पोस्टमास्तर हसले. समोरच्या दारातून कोणीतरी हसलं. निरीक्षकही थोडंसं हसले, हसून मोकळं व्हावं म्हणून, आणि म्हणाले, "दुसरं कोणीतरी बघा."

तेवढ्यात आतलं दार उघडलं.

"विसरले नव्हते ते," वहिनी म्हणाल्या.

तो जाड, फाटका आवाज जिन्यात गेला आणि खालपर्यंत पोचला. सगळे वळले. काकूंच्या हातातली मोजपट्टी खाली पडली.

"मी घाबरले होते त्या दिवशी. मी जिवंत..." इथे आवाज गेला. नुसती हवा आली. निरीक्षक थांबवायला पुढे झाले, तिला त्रास होऊ नये म्हणून, आणि खरं सांगायचं तर पुढचं वाक्य काय असेल ते ओळखून. वहिनींनी त्यांना हातानेच मागे थांबवलं. घसा खाकरला, आणि अगदी सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "मी जिवंत परत येते की नाही म्हणून मी घाबरले होते. आणि हे माझा हात धरून बसले होते. अख्खं गाणं संपेपर्यंत. बटण दाबायचं तर हात सोडावा लागला असता. मी पण सोडला नसता."

निरीक्षकांचे कान लाल झाले. सगळ्या इमारतीसमोर आपलं असं काही उघडं पडेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. सेक्रेटरी जमिनीकडे बघत होते, पोस्टमास्तरांनी वाकून काकूंची मोजपट्टी उचलून दिली.

"मीटर हेच तपासतील," वहिनी म्हणाल्या. "अजून काही?"

"नाही, नाही," सेक्रेटरी म्हणाले. "काही नाही, वहिनी."

तरी वहिनी आत गेल्या नाहीत. निरीक्षकांच्या शेजारी दारातच उभ्या राहिल्या, आणि काकूंना विचारायला लागल्या, की हल्ली ऑर्डरी कशा काय आहेत.